चौदा टाके

निशांत, त्यो मोबाईल ठेव बाजूला. आणि ओवी, सारखं दाराकडं काय बघतीस गं? कोण येत न्हाय. सांगू का नको? मग गप बसा दोघं.

आपल्या येळ्ळूरचा रवळू, टीव्ही दुरुस्त करतो त्यो. त्येच्यावर गुदरलेली गोष्ट हाय. त्येनं मला सांगितली, आणि शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

भोगीचा दिवस, सोमवार. दुपारी टिळकवाडीची चिन्मयी नावाची बाई त्येच्या दुकानात आली. पिशवीत जुना व्हिडिओ गेम. कॅसेट घालून खेळायचा लाल-पांढरा डबा, तुमच्या जन्माच्या आधीचा. ती आणि तिचा भाऊ लहानपणी त्येच्यावर खेळायची. भाऊ संक्रांतीला येणार, तर नव्या टीव्हीवर चालंल असं करून पायजे हुतं.

जाता जाता बाई म्हणाली, "काका, आतलं काम भरमाकाकांचं आहे. त्याला तेवढा हात लावू नका हं. त्यांचा हात वेगळाच होता."

झालं! रवळूच्या अंगाची आग आग झाली.

भरमा म्हंजे रवळूचा जोडीदार. तीस वर्षं एकाच टेबलावर बसली दोघं. भरमा डावरा, म्हणून त्येची सोल्डरिंगची गन, तापलेल्या टोकानं तारा जोडायची ती, डावीकडं आणि रवळूची उजवीकडं. भरमा शिशाचा टाका मारायचा, आणि प्रत्येक टाक्यावर हळूच फुंकर घालायचा. फू... गिऱ्हाईक आलं की पयलं विचारायचं, "भरमा हाय का?" समोर रवळू बसलेला असताना रं! भरमा जाऊन दोन वर्षं झालती, तरी लोक त्येचंच नाव काढायची. लई जळायचा रवळू. मला म्हणायचा, "आप्पा, एकदा... एकदाच कुणीतरी म्हणू दे, रवळू, तुझा हात भरमापेक्षा चांगला."

तर त्या रात्री दुकान बंद करून त्येनं डबा उघडला. झाकणाच्या आतल्या अंगाला भरमानं नाव आणि तारीख लिहिली हुती, मेकॅनिक लोक लिहित्यात तशी. रवळूनं थिनर लावून पुसली आणि आपलं नाव घातलं. खरं तर नव्या टीव्हीसाठी सर्किटची एक बारकी पट्टी बसवायची, दोन तारांचं काम. पण ह्या खुळ्यानं काय करावं? भरमाचे टाके एकेक करून उपसले. चौदा हुते. आणि स्वतः परत मारले.

अकरा चाळीसला टीव्ही लावला. निळा पडदा, दुसरं काय न्हाय. परत उपसले, परत मारले. निळाच. तिसऱ्यांदा उपसले तवा एक वाजलाता. सकाळी आठला बाई येणार. मग गावभर होणार, भरमाचं चांगलं काम रवळूनं मोडलं! त्येनं मेलेल्या माणसाला आईबापावरनं शिव्या घातल्या. गनचा प्लग उपसून भुईवर फेकला, डबा तसाच बिनटाक्याचा उघडा टाकला, लाईट घालवली आणि मागं चटईवर पडला.

दोन वाजून दहा मिनिटं.

डोळा लागला नव्हता. वास आला. गरम शिशाचा.

मग खुर्ची करकरली. डावीकडची.

अंधार हुता. कोण दिसंना.

फू...

रवळू उठाय बघतोय, अंग हलंना.

फू...

"भ... भरमा?"

फू...

रवळूनं मोजल्या. दुसरं काय करणार? चौदा.

मग खुर्ची परत करकरली. मग काय न्हाय.

सकाळी आठला मी तिळगूळ घेऊन गेलतो. चिन्मयी आलेली. गेम लावलेला, टीव्हीवर चित्र असं लख्ख की बघत ऱ्हावं. डब्याचं झाकण अजून काढलेलंच, त्येच्या आत रवळूचं नाव. बाईनं ते वाचलं आणि म्हणाली, "काका, खरं सांगू? भरमाकाकांच्या वेळी सुद्धा इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. तुमचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे."

रवळू भिंतीला टेकून उभा.

बाई गेल्यावर त्येनं मला सगळं सांगितलं. रडला रं. म्हणाला, "आप्पा, त्येनं निदान माझं नाव तरी खोडायचं हुतं. तसंच ठेवलं बघा. आता मी कुणावर जळू?"

मी म्हटलं, तुला झोपंत भास झाला असंल, टाके तूच मारले असशील. त्येनं नुसतं टेबलाकडं बोट केलं.

रवळूची गन डावीकडं ठेवलेली. प्लग भुईवरच, रवळूनं फेकला तिथं.

मला कुठली अक्कल! मी गनच्या टोकाला बोट लावलं.

ह्ये बघ ओवी, हितं. डाग अजून गेला न्हाय.