अंधारात हिरवं नाक

अंधारात एक हिरवा ठिपका तरंगत होता... आणि तो श्वास घेत होता!

चिगुसाने हातातला निळा दिवा त्याच्यावर रोखला. सायजो गावातल्या या प्रयोगशाळेत काम संपलं की बत्ती घालवायची, नारिंगी चष्मा चढवायचा आणि कोपऱ्यान्‌कोपऱ्यावर निळा दिवा फिरवायचा, असा नेमच होता. इथली बुरशी साधी नव्हती ना! तिच्यात जेलीफिशचं चमकणारं जनुक घातलेलं. निळ्या उजेडात ती हिरवीगार पेटायची. काचेच्या कॅबिनेटबाहेर हिरवं दिसलं, म्हणजे बुरशी निसटली. आजवर कधी दिसलं नव्हतं. आणि आता — माणसाच्या उंचीवर — ठिपका तिच्याकडेच येत होता.

"क... कोण?" तिची टोपी खाली पडली.

"मी तेप्पेई. आजपासून इथे शिकायला आलोय. बत्ती गेली का हो?"

तिने चाचपडत बटण दाबलं. समोर एक उंच, गोंधळलेला मुलगा. त्याने वाकून टोपी उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवली. बोटं जरा रेंगाळली. छे, तिला उगाच तसं वाटलं असेल!

"तुम्ही नाकाला काय लावलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "डिशचं झाकण उघडून... वास घेतला."

"वास?! कॅबिनेटच्या बाहेर?"

"आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या साके, म्हणजे तांदळाची दारू, बनते. भातावर कोजीची बुरशी धरली की आधी त्यात नाक खुपसायचं. भाजलेल्या चेस्टनटचा वास आला की कोजी जमली! हात आपोआप गेला हो..."

"आणि आमच्या बुरशीचा कसा आला?"

"अगदी घरच्यासारखा." त्याचा आवाज खाली गेला. "म्हणूनच अंगावर काटा आला."

चिगुसाच्याही आला. तिने दुसरा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि बत्ती पुन्हा घालवली.

भिंतीवर पाच हिरवी बोटं होती... जणू पलीकडून कुणी हात बाहेर काढत होतं. मग टेबलाच्या कडेवर. मग खुर्चीच्या पाठीवर. अंधारात चाचपडत तो कुठून कुठून आला, ते सगळं भिंतींनी लिहून ठेवल्यासारखं! आणि शेवटी, तिच्या स्वतःच्या मनगटावर, एक नाजूक हिरवा ठसा.

म्हणजे बोटं रेंगाळली होती तर!

"हे... माणसाला बाधतं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"नाही. पण बाहेर जाता कामा नये."

"मला जावंच लागेल." तो दाराकडे वळला. "आज आमच्या कोजीघरात हंगामाचा पहिला भात पसरतायत. त्यावर बीजाणू शिंपायचा मान यंदा पहिल्यांदाच मला मिळालाय. नाक धुतो आणि पळतो. कोणाला कळणार आहे?"

"तुझ्या कोजीघराला कळेल!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाही कळलं नाही. ती दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "तुझ्या घरची बुरशी तिथल्या तुळयांवर तुझ्या पणजोबांपासून राहतेय ना? तिच्यात ही मिसळली तर परत वेगळी काढता येईल? दिसायला तशीच, वासाला तशीच... तुमच्याच घरात राहील, आणि तुम्हाला ओळखूही येणार नाही."

तो थबकला. नाकाचा ठिपका हळूहळू खाली झुकला.

मग त्याने भिंतीवरच्या फोनचा स्पीकर लावला. बटणावर हिरवा ठसा उमटला. "बाबा... मी आज येत नाही." त्याने सगळं सांगितलं. पलीकडून बाबा कडाडले, "आला असतास तर दारातूनच हाकलला असता. सकाळी नात्तो खाल्लेल्यालासुद्धा आपण कोजीघरात घेत नाही; त्या चिकट सोयाबीनचे जंतू भात नासवतात म्हणून. आणि तू हे घेऊन येणार होतास? शिंपण तुझी बहीण करेल."

तेप्पेईने डोळे मिटले. "बरं."

"अडवलं कोणी तुला?"

"एका... मुलीने."

"तिला घेऊन ये कधीतरी. आधी दोघं आंघोळ करा!"

अंधारातही चिगुसाचे गाल तापले.

तिने फोन करताच प्रयोगशाळेच्या प्रमुख हिगाकी बाई मास्क लावून धावत आल्या. मग काय, 'चिगुसा, हे काय!' अशी बोलणी खात दोघांनी भिंती, बटणं, टेबलं अल्कोहोलने पुसली. कोट, टोपी, कपडे सगळं वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेलं. दोघांनी डोक्यावरून आंघोळ केली. तेप्पेईला तर नाकातून मिठाचं पाणी ओढायला लावलं. त्याच्या शिंका ऐकून तिला हसू आवरेना. बाई बाहेरचा बोळ तपासायला गेल्या, आणि ढगळ उसने सदरे घातलेले दोघं पुन्हा आत उभे राहिले. एक शेवटची तपासणी...

बत्ती गेली. निळा दिवा फिरला. भिंत काळी. टेबल काळं. तिचं मनगट काळं. तो कुठे होता, तेही कळेना.

"तेप्पेई?"

"इथेच आहे."

"काहीच दिसत नाहीये."

"छान ना?" आवाज अगदी जवळून आला. "शिंपण गेली, चिगुसा. फार वाईट वाटतंय... पण मघाशी तुझी टोपी उचलली ना, तेव्हापासून इथून जावंसंच वाटत नव्हतं."

तिने निळा दिवा बंद केला. मिट्ट काळोखात हात पुढे केला — आणि कसलाही ठसा न उमटवता, पाच बोटं तिच्या बोटांत अलगद गुंफली गेली.