आठानंतरची टिचकी

धुक्यात कोणीतरी उलटे अंक मोजत होतं.

"दहा... नऊ... आठ—"

मी धावत जाऊन त्या आवाजाच्या तोंडावर हात ठेवला. ओठ गार होते, दाढी दवाने ओली.

"मला बोट लागते," तो माझ्या तळव्याआडून म्हणाला. "उलटं मोजलं की मळमळ थांबते. तुमच्या बेटावर हा गुन्हा आहे?"

"पुढचा आकडा आहे. नवीन दिसताय."

"एरलेंड. पलीकडच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. थोरा नावाच्या शिक्षिकेला शोधतोय."

"सापडली," मी म्हणाले आणि हात काढला. जरा उशिराच.

आमच्या छोट्या शाळेतली मुलं मोठी झाली की त्याच्याकडे जात आणि तोंडी वजाबाकीत अडखळत. दोन्ही शाळांनी गणित एकाच पद्धतीने शिकवावं, तेच शब्द, त्याच खुणा, हे ठरवायला तो आला होता.

वर्गात मी मुलांना उलटं मोजायला सांगितलं.

"दहा, नऊ, आठ..." टक्. "सहा, पाच..."

सगळ्या बाकांवर एकाच वेळी बोटं वाजली. खिडकीपाशी धुकं दाटलं होतं. एरलेंड हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्याकडची मुलं अडखळत नव्हती. टिचकी मारत होती. आणि मी त्यांना कच्च्या गटात बसवलं."

मधल्या सुट्टीत चहा ओतताना मी सांगितलं. "पूर्वी एकदा वादळात दहा जणांची होडी फुटली. धक्क्यावरून दोर टाकून बायका एकेकाला ओढत होत्या आणि मोजत होत्या, पाण्यात किती उरले ते. दहा, नऊ, आठ. सात म्हटल्यावर दोर हलकाच वर आला."

"आणि आता सात म्हटलं तर?"

"तर पाण्यात राहिलेल्यांना वाटेल, आपली वर यायची पाळी आली."

त्याने कप खाली ठेवला. "आपल्या आराखड्यात भुतांसाठी रकाना नाही, थोरा."

"माझ्या वर्गात आहे."

"मग मुलं कच्च्या गटातच राहतील. हे बघा, संध्याकाळी धक्क्यावर मी सात म्हणतो. कोणी आलं नाही, तर टिचकी बंद. कबूल?"

"आणि आलं तर?"

"तुझा हात धरून पळेन."

'तुझा' म्हणाला होता. मी चूक दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी समुद्र दिसतच नव्हता, फक्त धक्क्याच्या फळ्यांखाली त्याचा श्वास. एरलेंड कठड्याशी उभा राहिला.

"दहा. नऊ. आठ..."

पाणी एकाएकी थांबलं. लाटच येईना. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि कठड्यावर टिचकी मारली.

"घाबरलास?"

"हो. आणि—तुझ्यासाठी हे फक्त गणित नाही, हे कळलं." त्याने घसा खाकरला. "आराखड्यात लिहितो, आठानंतरची टिचकी हे बरोबर उत्तर. दोन्ही शाळांत. मुलांना सोमवारीच वरच्या गटात घेतो."

"हायस्कूलवाले हसतील तुला."

"हसू देत. शनिवारी येऊ? गणिताचं काही काम नाही."

"बोट लागते ना तुला?"

"लागू दे."

त्याला घेऊन बोट सुटली आणि लगेच धुक्यात विरली. मी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "दहा... नऊ... आठ..."

दुरून, डेकवरून, टक् असा आवाज आला.

मी हसले. मग माझ्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूने, कोणीतरी तितक्याच हळुवारपणे वाजवलं.

टक्.