झील धरणारी पट्टी

सांगलीच्या स्मृतिशास्त्र प्रयोगशाळेत भार्गवबुवा आठल्ये खुर्चीवर ऐटीत बसले होते. कानामागे नखाएवढी स्मृतिपूरक पट्टी. वय ब्याऐंशी. पन्नास वर्षं कीर्तनं करून हजारोंना हरिनाम आठवायला लावलेल्या या माणसाच्या डोक्यातून, तीन वर्षांत घरच्यांची नावंच पुसली गेली होती.

"अण्णा, कानात काय ऐकू येतं?" सून मृणालिनीने विचारलं.

"नारदमुनी आहेत. आज बेसूर लागलेत," बुवा म्हणाले आणि त्यांनी पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली.

डॉ. शाहीन मुजावर हसल्या. "पट्टी मेंदूतल्या लहरी वाचते. विचार अर्ध्या सेकंदाहून जास्त अडखळला, की पुढचा शब्द कुजबुजते. एरवी गप्प. बाकीच्यांना चालतं, हे मात्र रुसतात. पट्ट्या मोजक्या आहेत, ताई. आठवड्यात फरक दिसला नाही तर ही दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल."

मृणालिनीने पट्टी मुठीत घट्ट धरली. अंघोळीला झटापट, जेवायला झटापट. दीर तर वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं घेऊन आलाच होता.

"तुम्ही बुवांना सांगताय," ती म्हणाली. "बुवांना कुणी सांगत नसतं हो. सांगतात ते. आम्ही झीलकरी मागे उभे राहून त्यांच्या ओळीचं शेपूट उचलतो, तेवढ्यात त्यांना पुढचं सुचतं." लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं तिने मागे झांज धरली होती.

शाहीन थबकल्या. "नावांचं कोठार आधी ढासळतं. चाल आणि लय जिथे असतात, तिथे हा आजार उशिरा पोचतो. पट्टीला तसंच शिकवते. शब्द पुरवायचा नाही, शेपूट गायचं. पण तिला नमुना हवा. घरी तुम्हीही गात राहा."

दुसऱ्या दिवशी कानामागे पट्टी लावलेले बुवा न्हाणीघराच्या दारात हटून बसले. मृणालिनी आज समोर गेलीच नाही. मागे उभी राहिली, झांज किणकिणवली. बुवांची मान ताठ झाली.

"हत्ती निघाला डुलत डुलत, सरोवराच्या तीरी..."

"सरोवराच्या तीरी," तिने झील धरली.

"सोंडेत कमळ खुलत खुलत, आठवला श्रीहरी." बुवा डुलत आत शिरले आणि बादलीपाशी थांबले. "मगर कुठाय?"

"आज रजेवर आहे, अण्णा."

"मग पाणी घाला."

तसंच जेवण, तसंच औषध. आमटीवर तर पाऊण तास निरूपण झालं. तीत मीठ कमी असल्याचं त्यांनी तीन दृष्टांत देऊन पटवलं. चौथ्या दिवशी दीर माहितीपत्रकं गुंडाळून, चिपळ्या घेऊन येऊन बसला.

आठवड्याने शाहीनने पट्टीतली नोंद पडद्यावर उघडली आणि वरपासून खालपर्यंत दोनदा तपासली.

"पट्टी एकदाही बोललेली नाही."

"बिघडली होती?"

"ठणठणीत आहे. तुमची झील अर्ध्या सेकंदाच्या आत यायची. विचार अडखळलाच नाही, मग ती बोलणार कशाला?"

"म्हणजे परत द्यायची," मृणालिनी म्हणाली, आणि आपल्याला भीती वाटत नाहीये हे तिच्या लक्षात आलं.

"द्यायची. पण ज्या घरी झीलकरी नाही, त्यांच्यासाठी तिच्यात तुमची ढब भरू. जाताना एकदा तुम्ही लावा, समोर उभ्या राहा, गा."

जन्मात पहिल्यांदा ती पुढे उभी राहिली. "हत्ती निघाला डुलत डुलत, सरोवराच्या तीरी..." आणि पुढचं गेलं. शेपटं धरण्यात तीस वर्षं गेलेली. ओळ सुरू करायची सवय कुठली? कानामागची पट्टी आता बोलणार, इतकंच तिच्या मनात आलं.

"सरोवराच्या तीरी," त्याच क्षणी मागून खणखणीत आवाज आला.

बुवा खुर्चीतून उठून तिच्या मागे उभे होते, मांडीवर ठेका धरून. तिला पुढची ओळ सुचली. ती गायली.

शाहीनने पडद्याकडे पाहिलं. पट्टी याही वेळी गप्प होती.

"छान सांगता," बुवा अदबीने म्हणाले. "कुठल्या गावच्या तुम्ही, बुवा?"

"तुमच्याच घरची, अण्णा."

"तरीच," बुवा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा ठेका धरला.