‘इन टाइम’ म्हणजे कधी?

या, अशा जवळ सरकून बसा. खिडकी ओढून घ्या, वारा आत येतोय. एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. दोन चिमुकल्या शब्दांनी तिचा जीव कसा टांगणीला लावला, त्याची. ऐकताना हसू येईल, मग जरा गलबलून येईल. दोन्ही येऊ द्या.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोर्थवेलन नावाचं गाव. तिथे लोवेना पास्को काळ्या पाटीच्या दगडावर अक्षरं कोरायची. बहुतेक नावं गेलेल्यांचीच. आई गेल्यापासून घरात छिन्नीच्या टकटकीखेरीज आवाज नव्हता. संध्याकाळी रेडिओवर जहाजांसाठी हवामान लागे. तिचं कुणीही समुद्रावर नव्हतं, तरी ती शेवटच्या बंदरापर्यंत ऐकत राही... कारण सांगणारा माणूस शांतपणे, जणू तिलाच सांगितल्यासारखा बोलायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी पाऊस आडवा झोडपत होता, आणि तिच्या शेडचं दार धाडकन उघडलं. दारात एक उंच, निथळता तरुण. कोटाच्या आत काहीतरी जपून धरलेलं.

“आत येऊ का?”

“आलातच की!”

“मी नाही हो, माझी पेस्टी आलीय. ती भिजली तर जेवणाची वाट लागेल. मी बाहेर उभा राहिलो तरी चालेल.”

लोवेना हसली, आणि स्वतःचंच हसू तिला अनोळखी वाटलं.

तो पेट्रॉक नान्स. गावातल्या चॅपलचा, म्हणजे छोट्या चर्चचा, दगडी बांध कोसळला होता, तो रचायला आला होता. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली तिकडची भाजकी करंजी, खाता खाता त्याची नजर टेबलावरच्या पाटीकडे गेली. इंग्रजीत आखलं होतं, ‘झिजलेला’, मग मोकळी जागा, आणि पुढे ‘वर्षं’.

“मधला शब्द काय मांजरानं पळवला?”

“तिथेच तर गाडं अडलंय,” ती म्हणाली. “चॅपलचा उंबरा पाहिलात? पावलांनी बशीसारखा खोलगट झालाय. त्याच्याशेजारी ही पाटी लावायची. ‘बाय’ कोरलं तर वर्षांनीच झिजवला असं होतं. ‘विथ’ कोरलं तर वर्षांच्या सोबतीनं झिजला. आणि ‘ओव्हर’ म्हणजे... हळूहळू, कुणाला न कळता.”

“‘बाय’ नको. वर्षं काय हातोडी घेऊन आली होती? केलं पायांनी, आळ बिचाऱ्या वर्षांवर!”

“मग ‘विथ’?”

त्यानं तिच्या शेडमधल्या एकुलत्या एका खुर्चीकडे पाहिलं. “सोबत... वाईट नसते.”

तिचे कान तापले. “तुम्ही बांध घाला. शब्दांचं मी बघते.”

“घालतो. पण उद्याही पाऊस आहे.”

“उद्या कोरडं आहे. रेडिओवर सांगितलंय.”

“बघू.”

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आणि भर उन्हात पेट्रॉक दारात हजर, केसांतून पाणी ठिबकतंय.

“बघा, माझ्यापुरता पडला!”

“चॅपलच्या नळाखाली डोकं धरलंत ना?” तिनं टॉवेल फेकला. “या आत, खोटारडे कुठले!”

मग ‘अहो’चं ‘अरे’ झालं. पेस्टीचे दोन तुकडे होऊ लागले. पाटीवर ‘ओव्हर’ कोरलं गेलं; तो म्हणाला, “बरं झालं, यात कुणावर आळ नाही.” छिन्नी फिरवताना तिला त्याचा श्वास मानेजवळ जाणवे आणि हात थांबे... तो लगेच दूर होऊन उगाच दगड न्याहाळू लागे.

पण बांध पुरा झाला. पुढचं काम आयर्लंडजवळच्या एका बेटावर होतं. निघायच्या दिवशी बसथांब्यावर तिनं मनातलं अर्धं सांगितलं.

“तिकडे उत्तरेत, एडिनबरोच्या एका अक्षरं कोरणाऱ्या कारखान्यानं मला कामाला बोलावलंय. नाताळापर्यंत उत्तर द्यायचंय. तिथे पुष्कळ माणसं एकत्र काम करतात... इथे माझं असं कुणी—”

बस आली. पेट्रॉकनं तिच्या बाहीवरची दगडाची भुकटी झटकली.

“घाई करू नकोस. मी येईन ना... इन टाइम.”

इथेच घोळ झाला बघा! इंग्रजीत ‘इन टाइम’ म्हणजे वेळेत, दार बंद व्हायच्या आत. आणि ‘इन टाइम’ म्हणजे काळ सरेल तसं, कधीतरी, हेही तेच दोन शब्द. त्यानं एक म्हटलं. तिनं कोणतं घ्यावं?

त्या रविवारी ती चॅपलमध्ये मागच्या बाकावर एकटी बसली. म्हातारे उपदेशक ट्रगिअर बोलायला उभे राहिले. काय त्यांचा गळा सांगू! आधी साधं बोलणं, मग शब्दांना लय चढे, आणि बघता बघता सगळा उपदेश गाणं होऊन छताला भिडे. त्या दिवशी ते देवाच्या धीरावर गात होते. अश्रू पुसले जातील... इन टाइम. जखमा भरतील... इन टाइम. प्रत्येक वेळी ते दोन शब्द असे लांबवायचे की त्यात जन्म सरावा. माणसं डोळे पुसत होती. लोवेनाही पुसत होती, पण तिला तो सूर पेट्रॉकच्या आवाजात ऐकू येत होता. कधीतरी. म्हणजे बहुधा कधीच नाही.

बेटावर रेंज मिळाली की तो फोन करायचा. “हवा कशी आहे?” “धुकं. तिकडे?” “वारा.” ‘कधी येणार’ हे विचारायला तिची जीभ उचलेना. एका संध्याकाळी रेडिओवरचं शेवटचं बंदरही संपलं, खोली गप्प झाली, आणि सकाळी तिनं एडिनबरोला होकार कळवला.

नाताळाला अजून आठवडा होता, तेव्हा दार वाजलं. पेट्रॉक! गालावर वाऱ्याचे ओरखडे, तोंडभर हसू.

“झालं! दफनभूमीचा बांध रचायचं काम घेतलं मी. ईस्टरपर्यंत इथेच. आता तू...” त्याची नजर बांधलेल्या छिन्न्यांवर गेली. “हे काय?”

“मी होकार दिला.”

“अगं, पण मी म्हटलं होतं, येईन, इन टाइम!”

“हो, म्हटलं होतंस. कधीतरी येईन म्हणून.”

“कधीतरी? वेडाबाई, वेळेत! नाताळाच्या आत! आलो की नाही?”

ती खाली बसली. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही.

“त्यांना ‘नाही’ कळव ना,” तो हळूच म्हणाला.

“माझ्यासाठी त्यांनी दुसऱ्या मुलीला परत पाठवलंय, पेट्रॉक. आणि तूही इथे शब्द दिलायस.”

त्यानं छिन्न्यांच्या गाठोड्याची सुटू लागलेली गाठ घट्ट केली. मग तो म्हणाला, “मी तिकडे येईन—”

तिनं त्याच्या ओठांवर हात ठेवला. “वार सांग.”

“ईस्टरनंतरचा गुरुवार.”

“गाडी?”

“दुपारची.”

“कशासाठी येशील?”

त्यानं तिचा हात खाली घेतला, पण सोडला नाही. “आय लव्ह यू. बघ, या वाक्यात मधे ‘इन’सारखा बारका शब्दच नाही. चुकीचं ऐकायला जागाच ठेवलेली नाही.”

“अजून एकदा म्हण,” ती म्हणाली. “खात्री करून घेते.”

नव्या वर्षात ती एकटीच उत्तरेला गेली. गाडीच्या काचेबाहेर समुद्र मागे पडला, मग काळोख आला, आणि काचेत तिचा स्वतःचाच चेहरा उरला. एकटेपणा तिच्याबरोबर गेलाच. पण आता त्याला संपायला एक गुरुवार होता.

तुम्हीही कुणाला तरी “येईन की, कधीतरी” असं सांगून निघाला असाल. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा, माझ्या लाडक्यांनो, त्या माणसाची आठवण काढा.