तुटक्या वायरीचं हेल्मेट

पटो न पटो, मावशीला थाप मारताना मी कधीच पाहिलं नाही. म्हणून ही गोष्ट मी खरीच मानतो.

युद्धाचा दुसरा हिवाळा. लष्करी विमानतळामागची दुरुस्तीची खोली. दिवेलागणीची वेळ.

मावशी तिथे विमानातल्या जवानांची हेल्मेटं दुरुस्त करायची. अस्तर, हनुवटीचा पट्टा, कानावरचे स्पीकर.

माझा मामा, म्हणजे तिचा पाठचा भाऊ, विमानात मागे बसून मशीनगन चालवायचा. पुढे वैमानिक... मामाचा जिवलग मित्र. मावशीचं लग्न त्याच्याशीच ठरलेलं.

एक दिवस विमान पेटलं.

मित्र पॅराशूटने उतरला. मामा गेला.

"गोळी लागली गं त्याला," मित्र ढसाढसा रडला. "किती हाका मारल्या! एकदाही ओ दिली नाही."

मावशीनेच त्याचे डोळे पुसले.

मग कोसळलेल्या विमानांच्या ढिगाऱ्यातली हेल्मेटं दुरुस्तीला आली. एकाच्या आत मऊ फ्लॅनेल होतं. मामाचे कान सोलवटायचे म्हणून तिनेच शिवलेलं.

तिने ते छातीशी धरलं.

आणि...

आतून कुजबुज आली.

वायर तर तुटून लोंबत होती.

तिने स्पीकर कानाला लावला. वारा... धाप... मग मामा.

"माझा पट्टा अडकलाय रे! जाऊ नकोस!"

दुसरा आवाज आला. तिच्या चांगल्याच ओळखीचा.

"सोडव तू. मी थांबलोय."

मग त्याची वायर निसटल्याचा खटका... आणि त्याच्या बाजूने नुसता वारा.

मामा हाका मारत राहिला. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी मावशीने ते हेल्मेट मित्रापुढे ठेवलं.

"घालून बघ. अस्तर नीट बसलंय का सांग."

त्याने घातलं. चेहरा पांढराफटक पडला. ओरबाडून काढलं.

"काहीच ऐकू येत नाही यात!"

ऐकण्याचं तर तिने नावही काढलं नव्हतं.

लग्न मोडलं. हेल्मेट दुसऱ्या तळावर गेलं. पुढे ते कुणाच्या डोक्यावर चढलं, देव जाणे.

गेल्या वर्षी मावशी वारली. भेटायला एक थकलेले आजोबा आले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. ते कोण, हे आईने मला हळूच सांगितलं.

मी खुर्ची दिली. ते बसेनात.

"इथेही आलाच का हा?"

"कोण?"

घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

ते माझ्यामागच्या कोपऱ्याकडे वळले. हात जोडले.

"बास कर रे आता..."

कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

त्या खोलीत मी अजूनही त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत नाही.