सरळ रस्त्यात कसली मजा?

सकाळची वेळ, रस्ता मोकळा, आणि माझ्यापुढे एक माणूस मोटारसायकल घेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत डुलत चाललेला. मी म्हटलं, रात्रीची उतरली नसेल. डावीकडून पुढे काढावी तर हा डावीकडे. उजवीकडून काढावी तर हा उजवीकडे. हॉर्न देऊन देऊन माझा अंगठा दुखायला लागला. कंपनीत उशिरा पोचलं की आमचा सुपरवायझर काही बोलत नाही, नुसता सगळ्यांसमोर घड्याळाकडे बघतो. ते मला अजिबात सहन होत नाही.

शेवटी एकदाची फट सापडली. मी गाडी पुढे काढली आणि सरळ त्याच्यासमोर आडवी घातली.

“ओ दादा, घरी कोण आहे का तुमच्या? का असंच सोडून दिलंय रस्त्यावर?”

त्याने हेल्मेट काढलं. स्वच्छ आंघोळ केलेला चेहरा, नीट विंचरलेले केस, डोळे टक्क जागे. प्यायलेला नव्हताच. त्यामुळे मी आणखी चिडले.

“घेतलेली नाय ओ,” तो म्हणाला. “वळणं काढत होतो.”

“काय काढत होतात?”

“वळणं. इथं एक पण वळण नाय ना. मी टोकावड्याचा. माळशेज घाट आमच्या दारात. हा असला सरळसोट रस्ता आला की मला झोप येते. मग मीच वळणं काढतो.” आणि हसला. “सरळ रस्त्यात कसली मजा?”

आता याला काय म्हणायचं? मी काही म्हणायच्या आत तो खाली वाकून माझ्या गाडीकडे बघायला लागला. “मडगार्ड हलतंय तुमचं,” म्हणाला, आणि मला न विचारता सीटखालून पाना काढून बोल्ट आवळून मोकळाही झाला. मुरबाडला मोटारसायकलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक होता. नाव प्रणित. तेही मी विचारलं नव्हतं.

मी रेश्मा. माझं गाव किन्हवलीजवळ, शहापूर तालुक्यात. नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत, पुठ्ठ्याची खोकी तपासायची. बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाडी सोडली आणि मी धरली. जुनी आहे, पण माझं ऐकते. सरळगावच्या फाट्यापासून मुरबाडपर्यंतचा तो सरळ रस्ता म्हणजे माझ्या अख्ख्या दिवसातला एकच सुखाचा तुकडा. दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, पाठीवर कोवळं ऊन, डावीकडे लांबवर धुक्यातून वर येणारा सिद्धगड. हातांना त्यांचं काम माहीत असतं, डोकं मोकळं. घरी आई आहे, कंपनीत सुपरवायझर आहे, इथे मात्र कोणी काही सांगत नाही. मी मोठ्याने गाणी म्हणते. आणि हा म्हणे, कसली मजा.

दुसऱ्या दिवशी सरळगावच्या फाट्यावर सकुबाईच्या चहाच्या टपरीशी तो उभा.

“अरे, तुमी? काय योगायोग.”

योगायोग रोज व्हायला लागला. सकुबाई मला हळूच म्हणाली, “दोन-दोन चहा पितो गो तुझी वाट बघत. किन्हवलीच्या रस्त्याकडं मान करून. मानेला लचक भरंल त्याच्या.”

मग आमच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी चालायच्या आणि हेल्मेटच्या काचा वर करून आम्ही भांडायचो. मागून भाजीचा ट्रक आला की तो हॉर्न मारायचा, प्रणित मागे व्हायचा, ट्रक गेला की परत शेजारी हजर. सुरुवात त्याचीच. ठरलेली.

“सरळ रस्त्यात कसली मजा?”

“मग येऊ नकोस. डोंगरातून पायी जा.”

“घाटात कसं, प्रत्येक वळणापाठी काय तरी नवीन. इथं पुढचं सगळं आधीच दिसतं.”

“मला आधी दिसलेलं आवडतं.”

“मी तर आधी दिसलो नव्हतो.”

“तू रस्ता अडवून चालला होतास. चांगला दिसत होतास.”

“चांगला दिसत होतो ना? बघ, तूच म्हणालीस.”

असं. याच्याशी बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. मी त्याला दादा म्हणायचं कधी सोडलं, आणि तुम्हीचं तू झालं, मला आठवत नाही. त्याला आठवतं म्हणे. त्याने तो वार सांगितला तेव्हा मी वेग वाढवून पुढे निघून गेले, कारण माझे कान गरम झाले होते आणि हेल्मेटमधूनही ते दिसतील अशी मला भीती वाटली.

आणि एका सकाळी तो शेजारी आला, पण ते वाक्य म्हणालाच नाही.

“बरं नाय काय तुला?” मी विचारलं.

“शेठ ओतूरला दुसरं सर्व्हिस सेंटर टाकतायत. घाटाच्या वर. मला म्हणतात, हेड मेकॅनिक म्हणून तिकडं जा. पगार पण वाढेल.” त्याने पुढचा खड्डा चुकवला. “घरूनच जायचं-यायचं. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा.”

मी मूठ पिळून गाडी अर्धा हात पुढे काढली. तोंडाने मी म्हटलं, “मग जा की. हेच पाहिजे होतं ना? पेढे दे.”

“जाऊ काय?”

“मला काय विचारतोस? मी काय आरटीओ आहे?”

पुढचे सगळे दिवस हेच. फाट्यावर भेटायचं, अर्ध्या रस्त्यात त्याने विचारायचं, “जाऊ काय गो?” आणि मी म्हणायचं, “जा.” सोमवारी शेठना उत्तर द्यायचं होतं. प्रत्येक वेळी जा म्हणताना मला नको जाऊ म्हणायचं असायचं, आणि या माणसाला ते ऐकू येत नव्हतं. मला तो आवडत होता. झालं, बोलले. तो ओतूरला गेला तर टोकावड्यावरून उलट्या दिशेला जाणार, आणि मी त्या लाडक्या रस्त्यावर एकटी खोकी तपासायला जाणार. पण त्याचं जन्माचं वेड पुरं होत असताना मी मधे कशी पडू?

“सांग ना त्याला, नको जाऊ म्हणून,” सकुबाई म्हणाली.

“मी का सांगू? त्याला कळत नाय?”

“त्याला कळत असतं तर सरळ रस्त्यावर नागमोडी गेला असता काय?”

शनिवारी त्याचा मेसेज आला. उद्या घाटात येतेस का, एकदा तरी बघ, मग बोल. मी आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. आई म्हणाली, मैत्रिणीला मडगार्ड दाखव, परत हलतंय. आईला काय काय माहीत असतं ते विचारायची माझी हिंमत नाही.

टोकावड्याहून आम्ही निघालो. खोटं कशाला बोलू, घाट देखणा होता. उंच काळे कडे, खाली खोल निळसर दरी, थंडगार वारा. पण मला बघायला वेळ कुठे होता? बाबांची गाडी दुसऱ्या गिअरवर रडत होती, पुढे एक रिकामा टेम्पो धूर सोडत होता, दंड भरून आले होते. प्रणित सुटला की वळणापाठी गडप. पुढच्या वळणावर कडेला थांबलेला दिसायचा. मी दिसले की हात करायचा आणि परत गडप. असं अख्खा घाटभर. सरळगाव-मुरबाड इतक्या वेळात आमची तीन भांडणं होतात. इथे एक शब्द नाही.

वर कठड्यापाशी मी गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि केस बांधत म्हटलं, “आली मजा? आता रोज आहेच तुला.”

तो हातमोज्याचा धागा ओढत बसला होता. “नाय आली.”

“गाडीत बिघाड?”

“गाडी झकास आहे.”

“मग?”

“खाली कठड्यावर एक माकडीण पिल्लाला घेऊन बसलेली. त्याच्या उवा काढत होती. तुला दाखवू म्हणून वळलो, तर… तू मागं. मग बोगद्यात काय तरी सुचलं, म्हटलं हे ऐकून तू चिडशील. वर येईपर्यंत विसरलो पण.” त्याने दरीकडे बघितलं. “अख्खा घाट पुढं-मागं. दोन गाड्या शेजारी चालतच नाय गो इथं.”

“हे तुला आज कळलं? जन्म गेला तुझा घाटात.”

“आधी शेजारी चालायला कोण होतं?”

मी केस बांधायचे विसरले. वाऱ्याने ते तोंडावर आले, ते बाजूला करायलाही सुचेना.

“तुला सरळ रस्ता आवडत नाही,” मी म्हटलं. आवाज बारीक झाला होता.

“नायच आवडत. तू असलीस की आवडतो. म्हणून तर रोज म्हणायचो, कसली मजा. तू भांडायला लागायचीस… आणि मुरबाड कधी यायचं कळायचं नाय.”

आता मात्र माझा संताप संताप झाला. “आणि हे तुला खाली सांगता येत नव्हतं? सपाटीवर? त्यासाठी माझ्या बाबांची गाडी माळशेज चढवलीस?”

“तू रोज जा म्हणायचीस.”

“तू रोज जाऊ काय विचारायचास. राहू काय असं एकदा तरी विचारलंस?”

तो उठून उभा राहिला. हातमोजे खाली पडले, त्याने उचलले नाहीत. माझ्या तोंडावरची बट त्याने एका बोटाने बाजूला केली. बोटाला ऑइलचा वास होता.

“राहू काय?”

“राहा,” मी म्हटलं. “मला तू आवडतोस. ओतूरला जाऊ नकोस. आणि आता परत विचारू नकोस, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.”

त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं.

सोमवारी फाट्यावर त्याच्या हातात दुसरा चहा होता.

“शेठना फोन केला काल,” तो म्हणाला. “नाराज झाले ते. म्हणाले, तुला तर घाटाचं वेड होतं, आता काय झालं? मी म्हटलं, होतं.”

“पगाराचं वाईट वाटतंय?”

“थोडं वाटतंय. तू भांड, म्हणजे वाटायचं नाय.”

सकुबाईने आमच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि चहाचे पैसे घ्यायला विसरली नाही.

त्या दिवशी मी पुढे निघाले. रस्ता मोकळा होता, पाठीवर ऊन होतं, उडव्यांवर बगळे बसले होते. आणि काय झालं कोण जाणे, माझी गाडी आपोआप डावीकडे झुकली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. मागून हॉर्न सुरू झाला.

“काय करतेस गो? सरळ चालव ना. उशीर होईल कंपनीत.”

“होऊ दे.”

तो वेग वाढवून शेजारी आला. काच वर केली. चेहरा पार चिडलेला. मला फार बरं वाटलं.

“सरळ रस्त्यात कसली मजा?” मी म्हटलं.

तो मला मुरबाड येईपर्यंत सरळ रस्त्याची बाजू समजावत होता. मी एकही मुद्दा मान्य केला नाही.