अर्धी वेल

लढाईवरच्या वस्तू गोळा करायचा मला नाद आहे. बंदुका-तलवारी नव्हेत; खंदकात बसल्या बसल्या सैनिकांनी हातानं केलेलं किडूकमिडूक. काडतुसाचा लायटर, विमानाच्या पत्र्याची अंगठी, असलं. बायको त्याला सरळ भंगार म्हणते. तर अशाच एका भंगारासाठी त्या दुपारी मी एका निवृत्त नर्सबाईंकडे गेलो. फोन त्यांनीच केला होता.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. पडदे ओढलेले, दिव्याचा पिवळट उजेड, आणि पितळ घासल्यावर बोटांना येतो तसा वास. टेबलावर तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्याची फुलदाणी होती. तिच्यावर खिळा ठोकून ठोकून उठवलेली पानांची वेल, काठाच्या जरा अलीकडे थांबलेली.

"माझ्या भावानं केलेली," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांचा होता. मी सहा. तो गेला, तेव्हा त्याच्या सोबत्यानं आणून दिली. तीन पानं होती वेलीला."

मी मोजली. सतरा भरली.

"मग बाकीची कुणी...?"

"हळू बोला."

टक्... टक्... टक्. मी फुलदाणीला हात लावला. कोमट होती. पितळ बोटांखाली बारीक थरथरत होतं.

"'पुरी झाली की आईला द्यायला मीच येतो,' असं लिहिलं होतं त्यानं. आई वाट बघत गेली. मीही बघितली, कितीतरी वर्षं. पण आता मी चौऱ्याऐंशीची. तो दारात येऊन आई कुठंय म्हणाला, तर... काय सांगू हो मी? घेऊन जा ही. आत्ता."

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. पण हाव जास्त होती. घरी आणून कपाटात कुलूपबंद केली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बायको म्हणाली, "शेजारी खिळे ठोकतायत का कुणी?"

मी कपाट उघडलं. वेल काठाला टेकली होती. शेवटच्या पानाच्या कडेला पितळेचा ताजा कीस चमकत होता.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा आवाज ओळखू येईना.

"परत आणा... तो आलाय. हात रिकामे आहेत म्हणून उंबऱ्यातच उभा आहे. आत येत नाही..."

फुलदाणी छातीशी धरून मी धावतच गेलो. दार सताड उघडं. उंबऱ्यात कुणी दिसलं नाही, पण ओल्या मातीचा आणि दारूगोळ्याचा वास नाकात भरला. मी पाऊल उचललं, तोच माझ्या हातातली फुलदाणी कुणीतरी अलगद काढून घेतली. ती अधांतरी खोलीत गेली आणि बाईंच्या मांडीवर टेकली.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या,

"ये रे बाळा... हो, मीच. मीच आई. वाट बघून बघून म्हातारी झाले बघ."

मग त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस कुणी मागे सारावेत तसे हलले. त्या रडत रडत हसल्या. मीही श्वास सोडला.

आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं मावशी?" मी कुजबुजलो. "काय म्हणतोय?"

"विचारतोय... चिमी कुठंय."

"चिमी कोण?"

"मी."

आतल्या खोलीचं दार आपोआप सावकाश उघडलं. जड बूट एकेक पाऊल टाकत आत गेले. पलंगापाशी थांबले. खाली वाकल्यासारखा पट्ट्याचा कर्र आवाज झाला.

मी बाईंचा हात घट्ट धरला होता. त्या माझ्या शेजारी होत्या, मी शपथेवर सांगतो. आणि आत, पलंगाखाली, एक लहान मुलगी खुदकन हसली.